पूल बुडाल्यावर निरोप पोचवणारं पथक: विदर्भातल्या तालुक्यात हॅम रेडिओची आपत्कालीन सेवा कशी उभी करावी

पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी वाहू लागलं की भामरागड आणि हेमलकसा यांच्यातलं जेमतेम तीन किलोमीटरचं अंतर दोन-दोन दिवस कापता येत नाही. लाईन गेलेली असते. मोबाईलचा टॉवर काही तास बॅटरीवर, मग जनरेटरवर चालतो आणि डिझेलची गाडी अलीकडच्या तीरावर उभी राहिली की तोही मुका होतो. ऑगस्ट २०२०च्या शेवटी गोसीखुर्द धरणाचे ३३ही दरवाजे उघडले तेव्हा भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी-वडश्यापर्यंत वैनगंगेकाठी आणि जुलै २०२२ मध्ये गोदावरीचं पाणी सिरोंच्यात शिरलं तेव्हा, प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता: कुठे किती माणसं अडकलीत, त्यांना काय हवंय, हे अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत न्यायचं कसं.

हॅम रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन चालवायचा हौशी बिनतारी संच, हे काम करू शकतो. पण तालुक्यात चार सेट असणं वेगळं आणि तालुक्याला सेवा मिळणं वेगळं. सेट आठवड्यात घेता येतो. त्यावरून आलेल्या निरोपावर तहसीलदार मोटरबोट पाठवतील इतका भरवसा उन्हाळ्यातच कमवावा लागतो. एका तालुक्यात आठ-दहा जणांचं पथक उभं करण्याची जबाबदारी ज्याने अंगावर घेतली आहे, त्याच्यासाठी हे लिहिलं आहे.

आधी कागद, मग अँटेना

हौशी रेडिओवर एरवी तिसऱ्याचा निरोप नेता येत नाही. भूकंप, पूर, वादळ, मोठी आग अशा नैसर्गिक आपत्तीत नेता येतो, पण १९७८च्या हौशी सेवा नियमांपासून चालत आलेली अट अशी आहे की निरोप सक्षम प्रशासकीय अधिकाऱ्याकडून निघालेला आणि तशाच अधिकाऱ्यासाठी असावा. सक्षम म्हणजे आपल्या पातळीवर जिल्हाधिकारी, किंवा त्यांनी अधिकार दिलेला दुसरा अधिकारी. बहुतेक उत्साही मंडळी ही ओळ वाचतच नाहीत, आणि पाणी चढल्यावर 'पुण्याच्या भाच्याला कळवा, आम्ही सुखरूप आहोत' असे निरोप घेत बसतात.

अट नीट वाचली की पुढचं काम आपोआप दिसतं. तहसील कार्यालयात अधिकारी आहेत, ते टोक सोपं. पण वेढ्यात अडकलेल्या गावातून निरोप 'निघणार' कोणाच्या सहीने? म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडून आधीच लेखी आदेश घ्यायचा. त्यात अधिकार मिळालेली पदं स्पष्ट लिहून घ्या: उपविभागीय अधिकारी, तहसीलदार, नायब तहसीलदार, मंडळ अधिकारी, पटवारी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी), प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, निवारा असलेल्या शाळेचे मुख्याध्यापक. नावं घालू नका, पदनाम घाला. मे महिन्यात बदल्या होतात आणि जूनमध्ये नावांची यादी रद्दीत जाते.

जिल्हाधिकारी हे २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. रोजचं काम जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी बघतात. त्यांच्याकडे जाताना सेट घेऊन जाऊ नका, दोन पानांचं टिपण घेऊन जा: पथकातले परवानाधारक किती, कोणत्या गावात राहतात, कोणत्या दोन ठिकाणांदरम्यान खात्रीने बोलता येतं (प्रत्यक्ष तपासून), बॅटरीवर किती तास टिकाल. मान्सूनपूर्व आढावा बैठकीला बोलावणं मागा. १०७७ या आपत्ती क्रमांकाचे फोन घेणाऱ्या नियंत्रण कक्षात एक टेबल, एक खिडकी आणि छतावर बांबू उभा करायची परवानगी, एवढंच मागणं पुरे.

या कागदाची एक प्रत पोलीस अधीक्षकांना आणि एक आपापल्या ठाण्यात द्या. गडचिरोलीत आणि गोंदियाच्या सालेकसा-देवरी भागात हे टाळून चालणारच नाही. जंगलाच्या कडेला वायरलेस घेऊन उभा असलेला अनोळखी माणूस पाहिला की जवान काय समजतील, ते सांगायला नको. प्रत्येकाच्या खिशात परवान्याची लॅमिनेट केलेली प्रत आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची प्रत हवीच. आणि पोलीस किंवा वनविभागाच्या वाहिनीवर कुणीही बोट ठेवायचं नाही. स्वस्तातले हँडी, म्हणजे हातात धरायचे सेट, कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर बोलू देतात, म्हणून पथकातल्या प्रत्येक हँडीमध्ये १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या बाहेरचं प्रक्षेपण बंद करून ठेवा.

माणसं कुठे सापडतात

आयटीआयचे इलेक्ट्रॉनिक्सचे निदेशक, मोबाईल दुरुस्तीवाले, सेनेच्या सिग्नल शाखेतून निवृत्त झालेले, विज्ञानाचे मास्तर, आपदा मित्र प्रशिक्षण घेतलेली पोरं-पोरी. तालुक्याच्या ठिकाणीच सगळे नकोत. पावसाळ्यात जी गावं तुटतात तिथे कायम राहणारा एकजण हा तालुक्यातल्या पाच जणांपेक्षा मोलाचा, कारण रपटा बुडाल्यावर तिथे बाहेरून कुणी जाऊच शकत नाही.

परवान्यासाठी वय किमान १२ पूर्ण हवं. अर्ज केंद्राच्या सरल संचार पोर्टलवर होतो. रिस्ट्रिक्टेड या प्राथमिक श्रेणीला मोर्स (टिंब-रेघेची संकेतलिपी) लागत नाही, रेडिओचं प्राथमिक तंत्र आणि नियम यांचीच परीक्षा असते आणि दोन महिने रोज तासभर बसलं तर दहावी झालेला मुलगा ती पास होतो. मात्र अर्ज, परीक्षा, निकाल, परवाना या साखळीत महिने जातात. दिवाळीनंतर लगेच सुरुवात केली तरच पुढच्या पावसाळ्याचा भरवसा धरता येतो.

परवाना नसलेल्यांना परत पाठवू नका. ते सेटवर बोलणार नाहीत, पण निरोप लिहून घेणं, नोंदवही ठेवणं, निरोप टेबलापर्यंत पळवत नेणं, बॅटऱ्या फिरवणं ही कामं त्यांचीच. एका सेटमागे एक बोलणारा आणि एक लिहिणारा अशी जोडी हवीच हवी. जो बोलतो तोच लिहितो, तिथे आकडे चुकतात.

भामरागडात माडिया, सिरोंच्यात तेलुगू, धारणी-चिखलदऱ्यात कोरकू बोलणारा माणूस लिहिणाऱ्यांत असू द्या. अडकलेल्या आजीचं म्हणणं मराठीत आणताना घाई झाली की 'ताप' आणि 'विंचू चावला' यांतला फरकही हरवतो.

प्रमुखाने स्वतः सेटवर बसू नये. हे पचायला जड जातं, कारण प्रमुख बहुधा पथकातला सगळ्यात चांगला ऑपरेटर असतो. पण ज्याच्या कानाला हेडफोन आहे त्याला कोण किती तास जागा आहे, कोणाच्या घरात पाणी शिरलंय, कोणती बॅटरी संपत आलीय, हे दिसत नाही. प्रमुखाने तहसीलदारांजवळ बसावं आणि नेट, म्हणजे ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवरचं सगळ्या स्टेशनांचं एकत्र बोलणं, चालवायला तीन जण तयार ठेवावेत.

कोणतं ठिकाण कोणत्या बँडवर

व्हीएचएफची (आपल्यासाठी वर सांगितलेल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झची) पोच ढोबळमानाने नजरेच्या टप्प्याएवढी. दोन्ही अँटेनांच्या उंचीची मीटरमध्ये वर्गमुळं काढा, त्यांची बेरीज करा, ४.१२ ने गुणा: एवढे किलोमीटर. हातात धरलेले दोन हँडी, दीड-दीड मीटर उंचीवर, म्हणजे कागदावर १० किलोमीटर. प्रत्यक्षात सागाच्या ओल्या जंगलात दोन-तीन. दोन्हीकडे ९ मीटरचे बांबू उभे केले की हिशेब २५ किलोमीटरच्या जवळ जातो आणि वर्धा-यवतमाळच्या उघड्या माळावर तो बराचसा खराही ठरतो. चिखलदऱ्याचं पठार १,१०० मीटरच्या वर आहे. तिथल्या दक्षिण कड्यावर बसलेला एकजण अमरावतीच्या मैदानाशी गाडीत बसवायच्या साध्या व्हीएचएफ सेटवर बोलू शकतो. पण धारणी डोंगराच्या पलीकडच्या उतारावर आहे, तिथे हे गणित लागू नाही. कोणतीही जोडी नकाशावर पक्की करू नका. मोटारसायकलवर जा, बोला, मगच वहीत लिहा. आणि ही चाचणी जुलैत पुन्हा घ्या: एप्रिलच्या निष्पर्ण जंगलातून गेलेला सिग्नल पानं फुटल्यावर जात नाही.

भामरागड ते गडचिरोली सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास, सिरोंचा ते गडचिरोली दीडशेच्या. मध्ये डोंगर आणि जंगल. इथे एचएफच (३ ते ३० मेगाहर्ट्झ) लागतो आणि तोही वेगळ्या पद्धतीने: सिग्नल जवळपास सरळ वर पाठवायचा म्हणजे तो आयनावरणावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) आपल्याच तीन-चारशे किलोमीटरच्या परिघात खाली पडतो. त्यासाठी डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली आडव्या तारेची अँटेना, जमिनीजवळ बांधायचा. उंच टॉवरची हाव नको, चार-पाच मीटर पुरे.

दिवसा ४० मीटर बँड, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. अंधार पडून आयनावरण विरळ झालं की ७ मेगाहर्ट्झ सरळ वरून आरपार जातं, जवळचं स्टेशन अचानक नाहीसं होतं आणि दूरदेशीचे ऐकू येतात. तेव्हा ८० मीटरवर, ३.५ ते ३.७ मेगाहर्ट्झमध्ये यायचं. दुपारी उलटं होतं: ८० मीटरचा सिग्नल खालचा थर शोषून घेतो. पावसाळ्यात संध्याकाळी आणि रात्री ८० मीटरवर विजांचा खडखडाट इतका असतो की निम्मे शब्द गळतात, म्हणून लांबलचक याद्या सकाळी ८ ते ११ मध्ये पाठवून मोकळे व्हा. बँड कधी बदलायचा हे घड्याळाने ठरवून कार्डावर छापा. 'ऐकू येईनासं झालं की बघू' असं ठरवलंत तर दोघं दोन बँडवर एकमेकांना हाका मारत बसाल.

स्थानिक नेटसाठी व्हीएचएफवर एक मुख्य आणि एक पर्यायी सिम्प्लेक्स (थेट सेट-ते-सेट बोलायची) फ्रिक्वेन्सी ठरवा. रिपीटरच्या (सिग्नल घेऊन पुन्हा पुढे पाठवणाऱ्या केंद्रांच्या) जागा आणि उपग्रहांचा १४५.८०० ते १४६.००० हा भाग टाळा. एचएफवर ७.११० आणि ३.६०० मेगाहर्ट्झ ही आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाची आपत्कालीन लक्षकेंद्रं आहेत: तिथे कान ठेवा, पण आपलं नेट थोडं बाजूला लावा.

तारा, बांबू, बॅटरी

४० मीटरच्या डायपोलची एकूण लांबी १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ साठी २०.१ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला १०.०५. घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटर तांब्याची तार चालते. तिच्यावरच्या प्लास्टिकमुळे अँटेना थोडी खालच्या फ्रिक्वेन्सीला जुळते, म्हणून आधी २० सेंटिमीटर जास्त ठेवा आणि दोन्हीकडून सारखं कापत या. ३.६५ साठी प्रत्येक बाजू १९.६ मीटर. दोन्ही डायपोल एकाच मध्यबिंदूला जोडता येतात, टोकं मात्र एकमेकांपासून मीटरभर लांब ठेवा. टोकं माणसाच्या आणि बैलाच्या शिंगांच्या वर, किमान अडीच मीटरवर बांधा. प्रक्षेपण चालू असताना टोकाला हात लागला तर भाजतं.

व्हीएचएफसाठी चौथाई तरंगलांबीची ग्राउंड-प्लेन अँटेना गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे बनते. केबल जोडायचं एसओ-२३९ सॉकेट, मधल्या पिनेला ४९ सेंटिमीटरची पितळी ब्रेझिंग सळई, चार कोपऱ्यांना ५१ सेंटिमीटरच्या चार सळया, ४५ अंशांत खाली वाकवलेल्या. मधली सळई आधी ५१ ठेवा. दर ३ मिलिमीटर कापल्यावर जुळणी जवळपास एक मेगाहर्ट्झने वर सरकते. एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली ते दाखवणारा आकडा) १.५ च्या आत आला की थांबा. मास्ट, म्हणजे अँटेनाचा खांब, म्हणून दोन बांबू मीटरभर एकमेकांवर चढवून तारेने आवळा आणि तीन बाजूंनी नायलॉन दोरीचे ताण द्या. विजेच्या तारांपासून मास्टच्या उंचीच्या दीडपट लांब, हा नियम वाऱ्यापावसात घाईने मोडला जातो आणि माणूस जातो. तिथे जागा नसेल तर अँटेना उभीच करू नका.

केबल हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. १४५ मेगाहर्ट्झवर पातळ आरजी-५८ केबल १५ मीटर वापरली की निम्मी शक्ती केबलमध्येच मरते: ५ वॅटच्या हँडीचे अडीच वॅट वर पोचतात आणि येणारा सिग्नलही तेवढाच मार खातो. जाड आरजी-२१३ मध्ये त्याच लांबीला पाऊण भाग वाचतो. महाग आहे, पण दुसरा सेट घेण्याआधी ही घ्या. जोडावर आधी स्वतःलाच चिकटणारी रबर पट्टी, वर पीव्हीसी टेप, आणि केबल खाली येताना एक सैल वळसा, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं. वळसा नसेल तर पाणी जाळीतून थेट सेटपर्यंत चालत येतं.

वीज. १० वॅटवर चालणारा व्हीएचएफ सेट बोलताना सुमारे ४ अँपिअर घेतो, ऐकताना अर्धा अँपिअर. पाचातला एक भाग बोलणं धरलं तर सरासरी १.२ अँपिअर, २४ तासांना २९ अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली नेऊ नये, म्हणजे ६० अँपिअर-तासांची हवी. ट्रॅक्टरची बॅटरी यात बसते आणि ती गावात असतेच. एचएफ सेट सरासरी ३ अँपिअर खातो, म्हणून तो सतत चालू ठेवू नका: तासाला ठरलेली १५ मिनिटं, दिवसाला १८ अँपिअर-तास.

'ऐकताना ठीक, बोलायला लागलं की सेट बंद पडतो' ही तक्रार आली की बॅटरीला दोष देण्याआधी तार मोजा. एक चौरस मिलिमीटरच्या दोन मीटर जोडतारेत २० अँपिअरला जवळपास दीड व्होल्ट गळतात. १२.४ व्होल्टचे ११ च्या खाली आले की १३.८ व्होल्टसाठी बनलेला सेट हात वर करतो. चार चौरस मिलिमीटरची तार वापरा, लांबी कमीत कमी ठेवा, फ्यूज बॅटरीच्या टोकाला लावा. सेटजवळ लावला तर तार घासून शॉर्ट झाल्यावर मधे काहीच अडवायला नसतं. सोलर पॅनेल असेल तर पावसाळी ढगात त्याच्या आकड्याचा पाचवा भाग मिळाला तरी नशीब समजा. त्याचा चार्ज कंट्रोलर एचएफवर गुरगुरतो, ऐकायच्या १५ मिनिटांत तो काढून ठेवा.

वीज चमकून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला की केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर टाका. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास ती बाहेरच राहू द्या. नेटवर एकच वाक्य सांगून जा: 'वीज, तीस मिनिटं बंद.'

निरोप लिहावा कसा

सगळ्या सेवेचं वजन इथे आहे. तोंडी सांगितलेला निरोप तीन तोंडांतून गेला की मूळचा राहत नाही. म्हणून कागद, दोन प्रतींत, मध्ये कार्बन, आणि पेन्सिल. शाई ओल्या हाताने पसरते.

नमुना असा:

निरोप क्रमांक ७. अग्रक्रम: तातडी. दिनांक २१ ऑगस्ट, वेळ १४१०.
कडून: पटवारी, साझा अमुक, तालुका तमुक.
प्रति: तहसीलदार, तमुक.
शब्द १९.
'आश्रमशाळेत माणसं एक-चार-दोन. गरोदर बाया तीन, एकीला कळा सुरू. नर्स आहे, गाडी नाही. मोटरबोट हवी. लावायची जागा शाळेमागचा उतार.'
सही.

मजकूर २५ शब्दांच्या आत बसवा. शब्दांची संख्या आधी सांगितल्यामुळे घेणारा मोजून पाहतो. १८ भरले तर एक गळलाय हे तिथल्या तिथे कळतं. अग्रक्रम तीनच ठेवा: जिवावरचा, तातडी, साधा. पाच केले की सगळे पहिल्या दोनांतच येतात.

मराठीत आकडे हा मोठा सापळा आहे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे खरखरीत नुसते 'एकोण...' म्हणून पोचतात. सात आणि साठ एकच वाटतात. म्हणून आकडा अंकाअंकाने: पाच-नऊ, सहा-नऊ. दीड, अडीच, साडेतीन, पाउणशे हे शब्द हवेवर वर्ज्य. वेळ २४ तासांची, 'सांजच्याला' किंवा 'दोन वाजता' नाही. तारीख सांगायची, 'उद्या' नाही. निरोप हिंदीतून पुढे गेला की 'कल'चा काल होतो की उद्या, हे कुणालाच ठरवता येत नाही.

गावाचं नाव नेहमी तालुक्यासकट. पिंपळगाव आणि सावरगाव विदर्भात किती आहेत हे पटवाऱ्यालाच विचारा. नाव ऐकू आलं नाही तर बाराखडीतले सर्वांना पाठ असलेले शब्द वापरा: क कमळाचा, ग गणपतीचा, ण बाणाचा, ळ बाळाचा. कॉल साइन (परवान्यासोबत मिळालेली इंग्रजी अक्षर-अंकांची ओळख) मात्र अल्फा-ब्राव्होतच, म्हणजे A साठी अल्फा, B साठी ब्राव्हो.

वस्तूचं नाव मोघम नको. 'बोट पाठवा' म्हटलं आणि कोळ्याचा डोंगा आला, तर त्यात बाळंतीण निजवून वाहत्या पाण्यात नेता येत नाही. 'औषध' नको, 'सर्पदंशाची लस, दहा कुप्या' असं हवं, आणि ते डॉक्टर किंवा नर्सच्या तोंडून लिहून घ्यावं. पुरात साप कोरड्या जागी माणसांबरोबरच चढतात, त्यामुळे हा निरोप येणारच, असं धरून त्याचा छापील नमुना तयार ठेवा.

हवेवरचं बोलणं कुणीही ऐकू शकतं आणि सांकेतिक भाषा वापरायला नियमाने मनाई आहे. म्हणून मृताचं नाव कधीच हवेवर सांगायचं नाही, रुग्णाचा आजार नावासकट सांगायचा नाही. 'नाव कागदावर आहे' एवढं पुरे. घरच्या माणसाला ही बातमी शेजारच्या सेटवरून कळता कामा नये.

वाचताना तीन-चार शब्दांचा तुकडा, मग थांबा, लिहिणाऱ्याच्या हाताच्या वेगाने. शेवटी घेणारा पूर्ण निरोप परत वाचतो. 'समजलं', 'ओके' हे परत वाचणं नव्हे. अधिकाऱ्याच्या हातात कागद पडला की त्याची वेळ लिहून मूळ स्टेशनला कळवा. अडकलेल्या गावात ज्याने सही केली त्याला आपला निरोप पोचला हे कळणं, हाच त्या रात्रीचा आधार असतो.

नेट चालवताना

नेट कंट्रोल, म्हणजे नेट चालवणारा, एकच. सगळे त्याच्या परवानगीनेच बोलतात. बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि पहिला शब्द बहुधा गावाचं नाव असतो. दोन बोलण्यांमध्ये दोन सेकंद मोकळे सोडा, म्हणजे 'तातडी, तातडी' म्हणणाऱ्याला शिरायला जागा राहते. स्टेशनांना कामाची नावं द्या: तहसील, पूल, आश्रमशाळा, दवाखाना. माणूस बदलला तरी नाव तेच राहतं. पण स्वतःचं कॉल साइन सुरुवातीला, शेवटी आणि मधून मधून सांगावंच लागतं.

दर तासाला हजेरी. एखादं स्टेशन लागोपाठ दोन हजेऱ्यांना गप्प राहिलं तर प्रमुखाला सांगा, शोध सुरू करा. नेट कंट्रोलची पाळी दोन तासांची, इतरांची चारची. तिसऱ्या तासाला नेट कंट्रोलचा आवाज चढतो, मग इतरांचा चढतो, आणि मग कुणीच कुणाचं पूर्ण ऐकत नाही.

अफवा नोंदवू नका. 'धरण फुटलं' असं कुणी म्हणालं तर प्रश्न एकच: कोणी पाहिलं, कुठून, किती वाजता? गोसीखुर्दचे दरवाजे किती उघडले, विसर्ग किती, हे फक्त नियंत्रण कक्षाकडून आलेल्या लेखी निरोपातूनच पुढे द्यायचं. नेटवर ऐकलेलं व्हॉट्सॲपवर टाकणाऱ्याला त्या पुरापुरतं घरी पाठवा, मग तो कितीही चांगला ऑपरेटर असो.

सराव, आणि नाही म्हणण्याची मुभा

दर रविवारी रात्री ८ ला अर्ध्या तासाचं नेट. गप्पा शेवटी, आधी प्रत्येकाने एक लेखी निरोप पाठवायचा आणि एक घ्यायचा. महिन्याने दोन्ही टोकांचे कागद शेजारी ठेवून चुका मोजा. वर्षातून दोनदा मोठा सराव: एक एप्रिलमध्ये सकाळी ६ ते १० (चंद्रपूरच्या उन्हात दुपारी माणसं आणि बॅटऱ्या दोन्ही तापतात), दुसरा जुलैच्या पहिल्या आठवड्यात, भर पावसात. सर्वांचे मोबाईल एका पिशवीत आणि घरातली वीज मेन स्विचवर बंद. सरावात तहसीलचा एक कारकून प्रत्यक्ष बसलेला हवा. निरोप घेऊन त्याचं काय करायचं, हे त्यालाही सवयीचं व्हायला लागतं.

निघण्याचा नियम आधीच सर्वांकडून वदवून घ्या: आदेश आल्याशिवाय कुणी निघायचं नाही, एकट्याने निघायचं नाही, रपट्यावरून पाणी असेल तर ते घोट्याएवढं असलं तरी ओलांडायचं नाही. ज्याच्या घरात पाणी शिरलंय, आई आजारी आहे, कापूस-सोयाबीन वाहून जातंय, त्याने 'मी येत नाही' एवढंच सांगावं. कारण विचारू नका आणि पुढच्या बैठकीत त्याचा उल्लेखही करू नका. ही मुभा नसेल तर लोक येतात, पण मन घरी असतं, आणि अशा माणसाच्या हातून १४२चे १२४ होतात.

प्रत्येकाची पिशवी जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रमुखाने स्वतः उघडून बघावी: सेट, भरलेल्या दोन बॅटऱ्या, जाड पॉलिथिन, टॉर्च, पेन्सिली, निरोपाचे ५० छापील कागद, फ्रिक्वेन्सीचं कार्ड, दोन दिवसांचं कोरडं खाणं, पाणी, रोजची औषधं, परवाना आणि आदेशाच्या प्रती. बॅटरी टिनाच्या खोलीत ठेवली असेल तर मे महिन्याच्या उन्हाने ती निम्मी झालेली असू शकते. वरवर दिसत नाही, म्हणून भार लावून मोजा.

पाणी उतरल्यावर

नेट बंद करण्याचा निर्णय पथकाचा नसतो. ज्या अधिकाऱ्याने सुरू करायला सांगितलं त्याच्याकडूनच लेखी घ्या, वेळ नोंदवा, प्रत्येक स्टेशनला नाव घेऊन मोकळं करा आणि प्रत्येकजण घरी पोचल्याचं कळेपर्यंत एक सेट चालू ठेवा. केबलचे जोड उघडून वाळवा, हिरवट पडलेले कापून नवे लावा. बॅटऱ्या त्याच दिवशी भरा, कारण रिकामी पडलेली लेड-ॲसिड बॅटरी आठवड्यात खराब होऊ लागते आणि दुसरा पूर पोळ्याच्या आसपास पुन्हा येऊ शकतो.

मग सगळे निरोप क्रमाने लावा आणि प्रत्येकासमोर चार टप्प्यांची वेळ लिहा: लिहिला कधी, हवेवर गेला कधी, अधिकाऱ्याच्या हाती कधी पडला, मदत निघाली कधी. उशीर कोणत्या रकान्यात झाला ते लगेच दिसतं. बहुतेकदा तो हवेवर नसतो, सेटपासून टेबलापर्यंतच्या तीस पावलांत असतो. हा तक्ता दिवाळीच्या आत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्यांकडे पोचवा. मे महिन्यातल्या बैठकीत पुढच्या वर्षाचा आदेश मागताना तोच कागद लागतो.